आवाज घडवणारी पोकळी

१९६६च्या ऑगस्टमध्ये फ्रँक कॉफ्स्की या अभ्यासकाशी बोलताना जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी आपलं एक जुनं दुखणं सांगितलं. १९६३ साली आलेली त्यांची ‘बॅलड्स’ ही तबकडी इतकी संथ, इतकी शांत का, याचं उत्तर त्यांनी माउथपीसवर ढकललं. चांगला चाललेला माउथपीस आणखी चांगला करायला गेले आणि तो हातचा गेला. जलद तानांना तो साथ देईना, म्हणून काही काळ संथ गाण्यांकडे वळावं लागलं. १९६२च्या युरोप दौऱ्यातली त्यांची ध्वनिमुद्रणं मात्र वेगळं सांगतात. तिथे वेग जराही कमी झालेला नाही. श्रोत्यांच्या कानांना जो बिघाड कळलाच नाही, तो वाजवणाऱ्याला इतका छळत होता की चार वर्षांनंतरही त्याची आठवण ताजी होती.

टेनर सॅक्सोफोनच्या जुन्या माउथपीसच्या आवाजांची तुलना करायला बसलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग उपयोगी पडतो. माउथपीस दोन ठिकाणी ऐकला जातो, वाजवणाऱ्याच्या कवटीत आणि समोरच्या खोलीत. या दोन्हींचे निकाल फार क्वचित जुळतात.

बोटभर लांबीची ही वस्तू साधी दिसते. एका टोकाला चोच, तिच्या खालच्या अंगाला खिडकी, खिडकीवर लिगेचरनं आवळून बसवलेली रीड. दुसऱ्या टोकाची नळी सॅक्सोफोनच्या मानेवरच्या बुचावर सरकते. रीड ज्या सपाट भागावर टेकते तिथून टोकाकडे जाताना माउथपीसच्या दोन्ही कडा रीडपासून हळूहळू लांब वळत जातात. हे वळण म्हणजे फेसिंग आणि टोकाशी उरणारी फट म्हणजे टिप ओपनिंग. ही फट इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. ऑटो लिंक कंपनीच्या मापानं ५ स्टार म्हणजे ८५ आणि ७ स्टार म्हणजे १०५, म्हणजेच सुमारे २.१६ आणि २.६७ मिलिमीटर. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. पण तेवढ्यानं रीड बदलावी लागते, फुंकेचा दाब बदलतो, ओठांची पकड बदलते.

फटीपेक्षाही आवाजाचा रंग ठरतो तो आतल्या पोकळीत. रीडच्या समोर, चोचीच्या आत जी छताची बाजू असते तिला बॅफल म्हणतात. बॅफल उंच असेल तर हवा अरुंद वाटेनं जाते, वरचे उपस्वर उठून दिसतात, आवाज लखलखीत आणि पुढे घुसणारा होतो. बॅफल खोल असेल तर तोच सूर गडद, रुंद, थोडा धुरकट लागतो. बॅफलच्या पुढची मोकळी जागा म्हणजे चेंबर. ॲडॉल्फ सॅक्स यांना १८४६मध्ये पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट मिळालं तेव्हा त्यांच्या कल्पनेतला माउथपीस आतून मोठा आणि गोलसर पोकळीचा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले बहुतेक माउथपीस त्याच घराण्यातले.

या पोकळीला एक दुसरं कामही असतं. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, पण शंकूचं टोक कापलेलं असतं. त्या हरवलेल्या टोकाइतकं आकारमान माउथपीसनं भरून काढावं लागतं, तरच खालचं आणि वरचं सप्तक एकमेकांशी सुरात राहतात. अमेरिकन ध्वनिशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी हा हिशेब नीट मांडला. म्हणूनच १९२०च्या दशकातल्या वाद्यावर आजचा चिंचोळ्या चेंबरचा माउथपीस लावला की वरचे सूर चढू लागतात. मग वादक वाद्याला दोष देतो, आणि वाद्य बिचारं आपल्या काळच्या जोडीदाराची वाट पाहत असतं.

जुन्या टेनर माउथपीसची चर्चा न्यूयॉर्कच्या ऑटो लिंकपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच रेंगाळते. ते योग्यही आहे. तीस आणि चाळीसच्या दशकांतले त्यांचे धातूचे ‘मास्टर लिंक’, ‘फोर स्टार’ आणि ‘टोन मास्टर’ हे मोठ्या चेंबरचे, खोल बॅफलचे. बेन वेबस्टर यांचा तो सुप्रसिद्ध सूर, ज्यात आधी श्वास ऐकू येतो आणि मग स्वर, तो लिंकच्या पोकळीतूनच आला. अशा माउथपीसवर मंद्रातले सूर अगदी हळू, ओठ सैल सोडून वाजवता येतात. जोर लावला तर मात्र आवाज एका मर्यादेपुढे मोठा होत नाही, नुसता रुंदावतो. मोठ्या बँडच्या पितळी वाद्यांसमोर वादकांना ही मर्यादा जाचू लागली असणार, कारण पुढच्या मॉडेलांत बॅफल थोडं थोडं वर येत गेलं. ‘सुपर टोन मास्टर’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. कंपनी फ्लोरिडातल्या पॉम्पानो बीचला गेल्यानंतरच्या काळातले हे माउथपीस वादकांच्या बोलण्यात ‘फ्लोरिडा लिंक’ म्हणून ओळखले जातात. चांगल्या फ्लोरिडा लिंकमध्ये टोकाच्या लगेच मागे बॅफलला हलकी फुगवटी असते, मग ते खाली उतरतं. त्यामुळे गडद सुराला एक धार मिळते. कोल्ट्रेन यांचा धातूचा लिंक याच कुळातला.

रबरी लिंकची कथा वेगळी. चाळीसच्या दशकातला ‘रेसो चेंबर’ आणि त्यानंतरचा, अंगावर तिरकी सही असलेला ‘टोन एज’ हे एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. उन्हात ठेवले की काळ्याचे हिरवट-तपकिरी होतात, आणि गरम पाण्यानं धुतले तर गंधकाचा वास सोडतात. वेन शॉर्टर यांनी अतिशय रुंद फटीचा रबरी लिंक वापरला. तिरक्या सहीचे माउथपीस आज धातूच्या लिंकइतकेच शोधले जातात. सत्तरच्या दशकात इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या जे. जे. बॅबिट कंपनीनं लिंकचा धंदा घेतला. नाव तेच राहिलं, पण संग्राहकांनी तिथे एक रेघ ओढली आहे. या रेघेला अर्थ आहे, मात्र ती जितकी ठळक सांगतात तितकी नाही. जुने माउथपीस शेवटी हातानं घासून पुरे केले जात. एकाच वर्षातले, एकाच आकड्याचे दोन फ्लोरिडा लिंक शेजारी ठेवले तर एकाच्या कडा समान असतात, दुसऱ्याच्या नसतात. उत्तम लिंक अप्रतिम असतो आणि सुमार लिंकही जुनाच असतो.

आर्नल्ड ब्रिलहार्ट स्वतः न्यूयॉर्कमधले नावाजलेले वादक. त्यांनी प्लॅस्टिकचा मार्ग धरला. पांढरा ‘टोनॅलिन’ आणि काळा ‘एबोलिन’ दिसायला देखणे, आवाजाला नेटके, लिंकपेक्षा आखडते आणि स्पष्ट. टोनॅलिनच्या शँकला, म्हणजे बुचावर सरकणाऱ्या नळीला, चिरा पडतात, हे त्याचं कायमचं दुखणं. लेस्टर यंग यांच्या चाळीसच्या दशकातल्या छायाचित्रांत ब्रिलहार्ट दिसू लागतो, तोवर ते धातूच्या माउथपीसवर वाजवत. युद्धकाळात सैन्यात झालेल्या छळानंतर त्यांचा सूर जड झाला असं लिहिलं जातं. त्यात तथ्य असेलच, पण त्याच सुमारास तोंडातली वस्तूही बदलली होती, हे अशा लेखांतून गळून पडतं.

हॉलिवूडमध्ये बॉबी ड्युकॉफ यांनी मोठ्या चेंबरचे जे माउथपीस केले ते डेक्स्टर गॉर्डन यांच्यामुळे अमर झाले. याच ड्युकॉफ यांचे नंतरचे, उंच बॅफलचे माउथपीस अगदी उलट टोकाचे: विजेच्या गिटारशी टक्कर देणारे. मायकेल ब्रेकर यांच्या एका काळातल्या चमकत्या आवाजात त्यांचा हात होता. इंग्लंडच्या बर्ग लार्सन कंपनीनं आपल्या माउथपीसवर सगळं छापूनच ठेवलं. ‘११०/२’ लिहिलं असेल तर फट ११० आणि चेंबरची जात २. शून्य सगळ्यात तीक्ष्ण, ३ सगळ्यात गडद. पोलादी बर्गचा खरखरीत, कडेला फाटणारा आवाज ऱ्हिदम अँड ब्लूजच्या वादकांनी उचलला.

धातू की रबर, हा वाद वादकांमध्ये कधीच संपत नाही. ध्वनिशास्त्राचं म्हणणं असं की भिंती पुरेशा ताठ असतील तर पदार्थाचा परिणाम नगण्य, आवाज आतल्या आकाराचा. ते मान्य करूनही वादकाचा अनुभव खोटा ठरत नाही. धातूची चोच बारीक असते, त्यामुळे जबडा कमी उघडतो आणि जिभेची जागा बदलते. वरचे दात चोचीवर टेकलेले असतात, तिथून कंपनं हाडांतून थेट कानात जातात. ती पाच फुटांवर बसलेल्या माणसाला पोहोचतच नाहीत. शिवाय धातूचे आणि रबराचे लिंक आतून सारखे नसतातच. फरक खरा असतो, त्याचं श्रेय चुकीच्या गोष्टीला जातं.

त्यामुळे नीट तुलना करायची तर कष्ट घ्यावे लागतात. वादक एक, वाद्य एक, मायक्रोफोन आणि त्याचं अंतर एक. रीड एकच ठेवावी असं वाटतं, पण ८५च्या फटीला जी रीड शोभते ती ११०ला जड होते. प्रत्येक माउथपीसला त्याची रीड देणं अधिक न्यायाचं. मग मंद्रातला सगळ्यात खालचा सूर, हळू आणि जोरात. मधल्या सप्तकातला कोंदटलेला डी. तळहाताच्या चाव्यांवरचे तार सूर. एक संथ धून. ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी, नावं न पाहता ऐकावं. असं ऐकताना एक गोष्ट हमखास दिसते. पहिल्या मिनिटात माउथपीस-माउथपीसमध्ये मोठं अंतर वाटतं, दहाव्या मिनिटाला ते आक्रसतं. वादकाच्या कानात त्याचा स्वतःचा एक सूर असतो आणि तोंडाचे स्नायू नकळत प्रत्येक माउथपीसला त्या सुराकडे ओढत नेतात.

या ओढीला प्रयोगाचा आधारही आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या चेन, स्मिथ आणि वुल्फ या संशोधकांनी २००८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की मुरलेले वादक अतितार सप्तकात आपल्या घशाची आणि तोंडाची पोकळी सुराप्रमाणे जुळवतात. नवख्यांना ते जमत नाही. म्हणजे माउथपीसच्या पोकळीला लागून आणखी एक पोकळी असते, आणि तिच्यावर कुठल्याच कंपनीचा शिक्का नसतो.

डेक्स्टर गॉर्डन यांची १९६२ची ‘गो’ आणि १९७६ची ‘होमकमिंग’ ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत. मधल्या काळात कॉन कंपनीचं जुनं वाद्य आणि ड्युकॉफ दोन्ही गेले होते, हाती सेल्मरचं वाद्य आणि लिंकचा माउथपीस आले होते. सुराची कड थोडी कठीण झाली आहे. तालाच्या मागे रेलून बसण्याची ती ऐट, तो भरघोस सरळ स्वर मात्र तसाच आहे. अर्थात ‘गो’ ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओतली आणि ‘होमकमिंग’ क्लबातली, हेही लक्षात ठेवायला हवं. तबकडीवरून माउथपीस ओळखण्याची पैज लावणारे खोली विसरतात.

सनी रोलिन्स यांनीही लिंक आणि बर्ग लार्सन दोन्ही वापरले. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत पवईला चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिलेले, आणि १९७८च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात पुन्हा मुंबईत येऊन वाजवलेले हे वादक. १९५६ची ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ आणि सत्तरच्या दशकातली त्यांची वादनं यांच्यात रंगाचा फरक मोठा आहे, कदाचित डेक्स्टर यांच्यापेक्षाही. इथे माउथपीसचा वाटा स्पष्ट ऐकू येतो, कारण रोलिन्स यांना तो बदल हवाच होता. विजेच्या वाद्यांसमोर ते मुद्दाम कडक, खडबडीत सुराकडे गेले.

जुन्या माउथपीसवर सगळ्यात मोठं संकट येतं ते कानसेचं. तीस-चाळीसच्या दशकांतल्या फटी आजच्या मानानं अरुंद. नंतरच्या वादकांनी कारागिरांकडून त्या रुंद करून घेतल्या. काचेची मापपट्टी आणि फीलर गेज घेऊन, दोन्ही कडा सारख्या राखत, वळण लांबवत हे काम करतात. चांगल्या कारागिराच्या हातून मेलेला लिंक जिवंत होतो. वाईट हातात टोकाची कड जाडी-भरडी होते, बॅफलचा उतार जातो आणि मूळ आकार परत मिळत नाही. म्हणून हात न लागलेल्या तुकड्याला संग्राहक जास्त किंमत देतात. वादकानं मात्र त्या किमतीच्या मागे लागू नये. न घासलेला ५ स्टार कपाटात मौल्यवान असतो, आजच्या बँडमध्ये तो बहुतेकांना अपुरा पडतो. आता गाजलेल्या तुकड्यांचं स्कॅनिंग करून संगणकीय यंत्रावर त्यांच्या नकला काढल्या जातात, आणि त्यातल्या कित्येक सरासरी जुन्या लिंकपेक्षा सरस वाजतात. ज्या मूळ तुकड्याचा आकार घेतला तो निवडून घेतलेला असतो, हे त्याचं कारण.

आणि सेल्मरचा ‘सोलोइस्ट’. पॅरिसचा रबरी माउथपीस, घोड्याच्या नालेसारख्या आकाराचा आतला मार्ग, फटीला आकड्याऐवजी अक्षर. लिंकच्या दरबारात त्याला फारसा मान नव्हता. शास्त्रीय सॅक्सोफोनच्या शिक्षणासाठी योग्य, असा त्याचा लौकिक. जो हेंडरसन यांनी त्यातला बेताच्या फटीचा ‘डी’ घेतला आणि १९६३च्या ‘पेज वन’वर जॅझमधला एक अत्यंत स्वतंत्र टेनर सूर उमटवला. जवळजवळ तीस वर्षांनी बिली स्ट्रेहॉर्न यांच्या रचनांवर केलेली ‘लश लाइफ’ आली, तेव्हाही त्यांची निष्ठा सोलोइस्टवरच होती. तो कुजबुजता, गुंडाळत जाणारा सूर आता त्या माउथपीसच्या नावावर जमा झाला आहे, आणि जुन्या आखूड शँकच्या सोलोइस्टची मागणी बरीचशी त्यांच्यामुळेच वाढली.