हक्काची सनद आणि भाड्याची खोली

चर्चगेटहून निघालेली लोकल वसईची खाडी ओलांडून नायगावास आली, म्हणजे मुंबईत ज्यांना घर परवडले नाही अशा कष्टकऱ्यांचा मुलूख सुरू होतो. वसई, नालासोपारा, विरार व नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून 3 जुलै 2009 रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली, आणि 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली. चाळीतील स्वस्त खोली व हाकेच्या अंतरावरचे रेल्वे स्थानक या दोन सोयींनी इतर असंख्य निराधारांप्रमाणे तृतीयपंथीयांनाही इकडे ओढून आणले. परंतु गाडीच्या डब्यात त्यांची टाळी ऐकणारा प्रवासी, ती टाळी वाजविणारी व्यक्ती रात्री कोणत्या छपराखाली निजते, याचा विचार क्वचितच करतो.

ज्या मागण्याला आज उपद्रव म्हटले जाते, तेच मागणे मराठी राज्याच्या दप्तरात एके काळी हक्क म्हणून नोंदले गेले होते. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने 1987 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविल्याप्रमाणे, देशावरील हिजड्यांना शेतकऱ्यांकडून पैसा व धान्य उगविण्याचे परंपरागत अधिकार होते, काहींच्याकडे इनाम जमिनी होत्या, आणि या अधिकारांस सरकारी सनदांचा आधार होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, इनामांची कसून चौकशी चाललेली असताना, कंपनी सरकारने हे हक्क पुढे चालविण्याचे नाकारले. उत्तरेकडील प्रांतांत तर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत घातली, आणि नोंद झालेल्यास दत्तक घेण्याची, मृत्युपत्र करण्याची व बक्षीसपत्र लिहून देण्याचीही मनाई केली. स्वराज्य आले तरी हा ओघ पुरता आटला नाही. मुंबई भिक्षा-प्रतिबंधक अधिनियम, 1959 याने गाणे, नाचणे वा भविष्य सांगणे या मिषाने मागणे हीही भिक्षाच ठरविली, आणि 1989 च्या रेल्वे कायद्याने गाडीत मागणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद सांगितली.

कुटुंबाने दार लावून घेतलेल्या मुलास जे दार उघडे सापडते ते गुरूचे असते. घराणे, गुरू, चेला आणि वाटून दिलेला इलाखा अशी या समाजाची रचना आहे. जन्म व विवाहप्रसंगीची बधाई आणि दुकानांतून वा गाड्यांतून होणारी मंगती ही तिची मिळकत, आणि त्या मिळकतीचा वाटा गुरूस देऊन चेल्यास छप्पर, नाते व आजारपणात शुश्रूषा लाभते. या व्यवस्थेत माया आहे तसा जाचही आहे, आणि तिच्या बाहेर पडू पाहणाऱ्यास दुसरा निवारा नाही हे तिच्या टिकाऊपणाचे एक मोठे कारण होय. त्यातही चाळी पाडून फाटक-पहारेकऱ्यांच्या इमारती उठू लागल्यापासून बधाईचा उंबरठाच दुर्गम झाला आहे, आणि उरते ती मंगती, अथवा देहविक्रय.

सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने 15 एप्रिल 2014 रोजी आपले लिंगत्व आपणच ठरविण्याचा अधिकार मान्य केला. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही आपली बाजू मांडली होती. पुढे 2019 चा कायदा आला व जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची तरतूद झाली, म्हणजे वसईकरास पालघरच्या कचेरीचा दाखला. मात्र या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने घर भाड्याने नाकारण्यास मनाई केली असली, तरी शिक्षेचे अपराध मोजणाऱ्या अठराव्या कलमात त्या नकाराचा निर्देश नाही. घरमालक 'बघून सांगतो' म्हणतो, दलाल दुप्पट अनामत मागतो, आणि करारनाम्यावाचून पत्त्याचा पुरावा, पत्त्यावाचून बँकेचे खाते, खात्यावाचून नोकरी, अशी ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते.

केरळात याचा प्रत्यय आला. कोची मेट्रोने 2017 साली 20 हून अधिक तृतीयपंथीयांस नोकरी दिली आणि देशभर कौतुक झाले. परंतु शहरात कोणी खोली देईना, दिली तर भाडे पगाराच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून त्यांतील काहींनी अल्पावधीतच ती नोकरी सोडली.

महाराष्ट्रातील जनतेने मात्र काही प्रसंगी शासनापेक्षा अधिक औदार्य दाखविले आहे. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने 2017 साली ज्ञानदेव कांबळे यांस सरपंच केले. जळगावच्या भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरील अर्ज फेटाळला गेला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि जानेवारी 2021 मध्ये मतदारांनी त्यांना निवडून दिले. पोलीसभरतीची वाट मात्र डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने नियम करावयास लावले तेव्हा मोकळी झाली. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले.

जनगणनेने 2011 साली राज्यात 40,891 व्यक्ती 'इतर' या सदरात मोजल्या, आणि देशभरात त्या सदरातील साक्षरता सुमारे 56 टक्के भरली, सर्वसाधारण साक्षरता 74 टक्के असताना. एवढ्या लोकांसाठी स्वतंत्र राज्य मागावयाचे नाही. वसई-विरारसारख्या, भाड्याच्या खोल्यांवरच वाढलेल्या शहराने पिंपरीचा कित्ता गिरवावा, परंतु कोचीची चूक टाळून. म्हणजे नेमणुकीच्या हुकमाबरोबरच भाड्याच्या करारास महापालिकेने जामीन राहावे. ज्या राजसत्तेने एक सनद रद्द केली, तिच्या वारसाकडून निदान एक करारनामा मागण्याचा या नागरिकांस पूर्ण अधिकार आहे, आणि तो हाती पडेपर्यंत गाडीतील मंगतीबद्दल त्यांना दंड करणे हा न्याय नव्हे.