गाईची दगडी आणि गोठ्याची निगा

सकाळी आपण धार काढायला बसतो. सडाला हात लागताच गाय लाथ झाडते. कास गरम असते, हाताला दगडासारखी टणक लागते. दुधात गाठी येतात, कधी रक्तही येते. या रोगाला आपण दगडी म्हणतो. पुस्तकात त्याला कासदाह असे नाव आहे.

कोणी म्हणते, "गाईला दृष्ट लागली." मग मीठ-मिरच्या ओवाळून टाकतात. त्यात दोन दिवस जातात आणि सड कायमचा बाद होतो. तीन सडांच्या गाईचे दूध घटते, बाजारात किंमतही उतरते. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

दगडी होते कशाने? डोळ्यांना न दिसणारे जंतू सडाच्या तोंडातून आत शिरतात. काही जंतू शेणामुतात आणि चिखलात असतात. काही आजारी कासेत असतात. ते धार काढणाऱ्याच्या हाताने दुसऱ्या गाईकडे जातात. म्हणजे रोग येतो तो आपल्याच गोठ्यातून. त्याची वाट अडवणेही आपल्याच हाती आहे.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. करमाळा तालुक्यात धरणाकाठच्या गावांना पाणी मिळाले, ऊस आणि हिरवा चारा झाला. दारात जर्सी, होल्स्टीन जातीच्या संकरित गाई आल्या. या गाई दूध पुष्कळ देतात, पण दगडीही त्यांना लवकर होते. खिल्लार गाईएवढ्या निगेवर त्यांचे भागत नाही.

तेव्हा मंडळी, एवढे करा.

गोठ्याची जमीन उतरती ठेवा, मूत साचू देऊ नका. शेण रोज वेळच्या वेळी भरा. धारेआधी हात साबणाने धुवा. सड धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक गाईला फडके वेगळे घ्या. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीत काढून पाहा. गाठी असतील तर लगेच दिसतात. अंगठा मुडपून सड ओढू नका, पुऱ्या मुठीने धार काढा. नंतर सड डॉक्टरांनी दिलेल्या आयोडिनच्या औषधात बुडवा.

धारेनंतर सुमारे अर्धा तास सडाचे तोंड उघडे राहते. गाय तशीच शेणात बसली की जंतू आत गेलेच! म्हणून लगेच पुढे वैरण टाका. खाण्याच्या नादात ती उभी राहते.

आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढा. गुरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. शेजाऱ्याकडची उरलेली ट्यूब सडात भरू नका. अर्धवट औषधाने जंतू पुरते मरत नाहीत, पुढे त्या औषधाला दादही देत नाहीत. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध विकू नका, घरातही पिऊ नका.

साबणाची वडी, चार फडकी आणि पेंडीभर वैरण लागते. आज संध्याकाळच्या धारेलाच सुरुवात करा.