जुन्या गिटारचा नेक घासायचा का?

साठच्या दशकातली इलेक्ट्रिक गिटार हाती लागली की पहिला मोह होतो तो नेकचं लॅकर उतरवायचा. थांबा! फेंडर कंपनी साधारण १९६८ पर्यंत नेकवर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारायची, मग पॉलिएस्टरकडे वळली. नायट्रो पिवळं पडतं, तडकतं, हात फिरतो तिथे झिजतं. संग्राहक नेमके त्याचेच पैसे मोजतात. नवं पॉलिश चढलं की भाव बऱ्याचदा निम्म्यावर येतो. हेडस्टॉकवरचा लोगो घासला गेला तर विचारूच नका.

नेक चिकट लागतोय? बहुतेकदा तो घामामळाचा थर असतो. फडक्यावर थोडं लायटर फ्लुइड घेऊन पुसा, आगीपासून लांब. थिनर अजिबात नको, त्यात नायट्रो विरघळतं.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात मात्र मलकापूर-शेगावकडची कोरडी धग आणि पाठोपाठ पावसाळी ओल. मेपलचा फिंगरबोर्ड उघडा पडून काळवंडला असेल तर लाकूड घाम-ओल शोषतं. तिथे, तेवढ्याच जागी, जाणत्याकडून लॅकरचा पातळ हात देऊन घ्या. रोझवुडच्या फिंगरबोर्डला बहुधा लॅकर नसतंच.

तारा खरखरतात म्हणून घासणार असाल तर आधी फ्रेट आणि ट्रस रॉड तपासा. काचपेपर चालवायची हौस स्वस्तातल्या नव्या गिटारवर भागवा.