आतड्याच्या तपासणीतून रोग का निसटतो?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची खूण चित्रतपासणीत कधी कधी दिसून येत नाही. आतड्यात मल शिल्लक राहिल्यास गाठ झाकली जाते. आतडे पुरेसे न फुगल्यास मिटलेला भाग व रोगाने जाडावलेली भिंत यांतील भेद कळत नाही. चपटी वाढ घड्यांआड दडते. म्हणून सीटी कोलोनोग्राफीत रुग्णास उताणे व पालथे निजवून दोनदा चित्रे घेतात. सुटा मल जागा बदलतो, गाठ बहुधा जागीच राहते. पोटाच्या नेहमीच्या सीटीत ही तयारी नसते. दुर्बिणीच्या तपासणीसही मर्यादा आहेत. २००६ मधील एका संकलित अभ्यासात सुमारे २२ टक्के पॉलिप पहिल्या खेपेस निसटल्याचे आढळले; बहुतेक लहान होते.

शासकीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी होते, आतड्याची नाही. त्यामुळे मीरा-भाईंदरमधील कुटुंबांनी लक्षणांकडेच लक्ष ठेवावयास हवे. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीतील बदल वा अकारण रक्तक्षय कायम असल्यास, अहवाल ‘नॉर्मल’ असला तरी, तो व चित्रांची सीडी घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटावे. तपासणीच्या चिठ्ठीवर लक्षणे लिहून घ्यावीत. काय शोधावयाचे हे ठाऊक असलेली नजर अधिक पाहते.

देणगीदारांच्या औदार्याने यंत्र येते. चित्रे दुसऱ्या तज्ज्ञाने पुन्हा वाचण्यासही तितकेच साह्य लागते, ही नम्र विनंती.