रिपोर्ट आणा, मग ग्रुपमध्ये या

मधुमेहाचे निदान डॉक्टर करतात. ‘आता जेवायचे काय?’ हा प्रश्न मात्र फोनला विचारला जातो. आजारांविषयीची फेसबुक पाने आणि व्हॉट्सॲप ग्रुप वाचले जातात ते रोगाचे शास्त्र समजून घ्यायला कमी, रोजचा दिवस निभावायला अधिक. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये अमेरिकेच्या घड्याळावर काम करणाऱ्याचे रात्रीचे जेवण कधी एकला, कधी तीनला. मग उपाशीपोटी साखर तपासायची ती ‘सकाळ’ कुठली, हे दवाखान्यातल्या दहा मिनिटांत विचारायचे राहून जाते. तसाच दिनक्रम असलेला कुणी ते ग्रुपवर सांगतो.

मराठीतले याचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारमोहीम. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर उभी असलेली ही पद्धत यूट्यूबवरच्या व्याख्यानांनी घरोघरी पोहोचली: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. २०१८मध्ये राज्य सरकारच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा दर दोन तासांनी थोडे खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर बऱ्या की दीक्षित, यावर लग्नाच्या पंगतीतही वाद रंगले.

या मोहिमेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांची खरी कल्पकता मात्र आहारात नव्हे, प्रवेशाच्या अटीत होती. उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीएवनसी यांचे रिपोर्ट आधी द्यायचे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर एचबीएवनसीत मोजली जाते. त्यामुळे आदल्या दिवशी उपास करून रिपोर्ट सजवता येत नाही. ‘मला बरे वाटते’ यापेक्षा हा पुरावा भक्कम.

तरी अपुराच. ज्याचा आकडा उतरला तो लिहितो. ज्याला जमले नाही तो निमूट ग्रुप सोडतो. शिवाय दुसऱ्याचे वेळापत्रक उचलले तरी त्याची औषधे वेगळी असतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने मात्रा तशीच ठेवून जेवण गाळले, तर साखर ७०च्या खाली जाऊन घाम, थरथर, क्वचित बेशुद्धीही येऊ शकते. मात्रा बदलायची ती डॉक्टरांनीच.

काही पानांवर सल्ल्याखाली चूर्णाची बाटलीही विकायला असते. मधुमेह बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. अशा वेळी ‘बरा’ऐवजी ‘रिव्हर्स’ हा शब्द सोयीचा पडतो. वैद्यकात त्याला माप आहे. २०२१मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनांनी ठरवले, की साखर उतरवणारी औषधे बंद केल्यावर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या आत असेल, तरच मधुमेह ‘रेमिशन’मध्ये गेला म्हणायचे. रोज दोन गोळ्या घेऊन उतरलेला ६.२ त्यात बसत नाही, पोस्टखाली कितीही अंगठे उमटले तरी.