परीक्षा पुढे ढकलली, असं कोण म्हणालं?

मी विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात काम करते असं सांगितलं की लोकांना वाटतं, ही बाई पाहुण्यांना पुष्पगुच्छ देत असणार. तेही करते. पण माझा दिवस सुरू होतो तो सकाळी सातला, वर्तमानपत्रांच्या कात्रणांनी. विद्यापीठाबद्दल कुठे काय छापून आलं, त्याची फाईल कुलगुरूंकडे जाते. पूर्वी कागद कापून, चिकटवून जायची, आता मोबाईलवर जाते. चुकीचं छापलं असेल तर खुलासा लिहायचा. खरं पण झोंबणारं असेल, तर खुलासा नको असं साहेबांना समजवायचं. हे दुसरं काम जास्त अवघड.

मग प्रसिद्धिपत्रकं. प्राध्यापक दोन पानं लिहून आणतात. दीपप्रज्वलन कोणी केलं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं असतं. संशोधन काय झालं ते शेवटच्या ओळीत! मी ती ओळ उचलून वर आणते. कारण पेपरात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. एकदा एका औषधावरच्या संशोधनाची बातमी होती. ‘प्रयोग उंदरांवर झाला आहे’ हे मी चौथ्या परिच्छेदात लिहिलं, आणि नेमका तोच कापला गेला. दुसऱ्या दिवशी एका रुग्णाच्या घरून फोन आला, औषध कुठे मिळेल म्हणून. तेव्हापासून उंदीर पहिल्या वाक्यात.

पण सगळ्यात जास्त फोन येतात ते परीक्षा आणि निकालांसाठी. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात निकाल 30 दिवसांत लावावा, फार तर 45 दिवसांत, असं म्हटलं आहे. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल लांबले. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली, मग पुढच्याही हुकल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पुढचे प्रवेश अडलेल्या मुलांना उशिराइतकाच त्रास झाला तो दर वेळी नव्या तारखेचा. म्हणून खात्री नसलेली तारीख मी कुणाला देत नाही, बातमीदार कितीही रागावला तरी.

आता माझीच एक गोष्ट सांगते. पावसाळ्याचे दिवस होते. संध्याकाळी सातच्या सुमारास व्हॉट्सॲपवर एक परिपत्रक फिरायला लागलं. मुसळधार पावसामुळे उद्याची परीक्षा पुढे ढकलली आहे. वर विद्यापीठाचं नाव, खाली सही-शिक्का. आदल्या वर्षीचं खरं परिपत्रक होतं, कुणीतरी तारीख बदलली होती. बातमीदारांचे फोन सुरू झाले, “ताई, खरं आहे का हो?” खोटं आहे हे मला माहीत होतं. पण परीक्षा विभागाच्या सहीशिवाय बोलायचं नाही, हा नियम. संचालक प्रवासात, फोन लागेना. सही मिळून खुलासा बाहेर पडला तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते.

सकाळी एका वडिलांचा फोन आला. “मॅडम, तुमचं पत्र वाचून पोरगी घरीच थांबली. आता मैत्रीण म्हणते पेपर सुरू झाला.” तुमचं पत्र! ते आमचं नव्हतं, पण आमचं नाही हे सांगायला आम्ही पावणेचार तास घेतले होते. मी काय बोलले ते आता आठवत नाही. त्या मुलीला तो पेपर पुढच्या सत्रात द्यावा लागला.

त्यानंतर मी कुलसचिवांकडे टिपण दिलं. तीन वेळा परत आलं, चौथ्यांदा मंजूर झालं. आता ‘असं परिपत्रक विद्यापीठाने काढलेलं नाही’ एवढं एक वाक्य मी परीक्षा विभागाला तोंडी विचारून लगेच देऊ शकते. सविस्तर खुलासा मागून येतो.

तुमच्या मोबाईलवर असं पत्र आलं तर आधी जावक क्रमांक आणि तारीख बघा. वर्ष जुनं आहे का, तारखेची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळी दिसतात का, ते बघा. मग विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडा, किंवा मुलीच्या कॉलेजात फोन करा. रात्र झाली असेल तर तिच्या सरांना किंवा मॅडमना उठवा. रागावणार नाहीत. आणि तोवर तिला अभ्यास करू द्या.