रिपोर्टमधला आकडा म्हणजे रुग्णाचे भविष्य नव्हे

आमच्या वस्तीतल्या एका काकूंसोबत मी केमोथेरपीसाठी जात होते. त्यांच्या मुलाने रक्ताच्या रिपोर्टमधले दोन आकडे घेऊन मोबाईलवर शोध घेतला आणि मला बाजूला बोलावून म्हणाला, "ताई, आईचा रेशो ६ आलाय. म्हणजे आता फार दिवस नाहीत. कर्ज काढून उपयोग आहे का?"

त्याने गणित बरोबर केले होते, पण अर्थ चुकीचा लावला होता. रुग्णांसोबत दवाखान्यात जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा फरक समजून घेतला पाहिजे.

जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते. शरीराच्या या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. जखम भरली की दाह थांबतो. कॅन्सरमध्ये मात्र तो आतल्या आत चालूच राहू शकतो. कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी असतात, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्शो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते.

या दाहाच्या खुणा साध्या रक्त तपासणीत दिसतात. सीबीसी रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची टक्केवारी असते. दाह वाढला की न्यूट्रोफिल वाढतात. कॅन्सरच्या पेशी ओळखून मारण्यात ज्यांचा मोठा वाटा असतो, त्या लिम्फोसाइट कमी होतात. न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १३ टक्के असतील, तर गुणोत्तर ६. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असते. २०१४ मध्ये १०० अभ्यासांतील ४० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. गुणोत्तर जास्त असलेल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट आढळला.

दुसरी पद्धत स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे तयार झाली. दाहात यकृत सीआरपी हे प्रथिन जास्त बनवते आणि अल्ब्युमिन कमी होते. सीआरपी दर लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर एक गुण, अल्ब्युमिन दर डेसिलिटरला ३.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर आणखी एक. दोन्ही गुण मिळाले तर धोका अधिक.

पण मित्रांनो, हे अंदाज गटाचे आहेत, एका माणसाचे नाहीत. धोका जास्त असलेल्या गटातही अनेकजण दीर्घकाळ जगतात. शिवाय हे आकडे फक्त कॅन्सरनेच बदलत नाहीत. न्यूमोनिया, पिकलेली जखम, हिरड्यांचा संसर्ग यांनीही ते वाढतात. केमोआधी दिलेल्या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. पोटभर सकस अन्न मिळाले नाही, यकृत किंवा किडनीचा आजार असला तरी अल्ब्युमिन उतरू शकते. म्हणूनच या आकड्यांवरून कॅन्सर आहे की नाही हेही ठरत नाही. त्यासाठी सहसा बायोप्सी लागते. उपचार ठरतात ते कॅन्सरचा प्रकार, टप्पा आणि रुग्णाची एकूण प्रकृती पाहून.

मग आपण काय करायचे? सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाईलमध्ये लावा. रक्त कधी घेतले, त्याआधी कोणते औषध दिले, ताप होता का, हे लिहून ठेवा. वजन घटत असेल, दात दुखत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण संसर्ग आणि कुपोषण यांवर उपाय करता येतो. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. आणि एका आकड्यावरून कोणालाही उपचार सोडू देऊ नका.

काकूंच्या डॉक्टरांनी फाईल पाहून सांगितले की रक्त स्टेरॉइड दिल्यानंतर घेतले होते. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. आजार गंभीर आहेच, पण उपचार सुरू आहेत. त्या दिवशी डॉक्टरांना विचारलेच नसते, तर मोबाईलवरच्या एका ओळीने निर्णय घेऊन टाकला असता.